विश्रामच्या वहीतले हेल

बातमी कळली ती कट्ट्याच्या बाजारात, माशांच्या पाटीसमोर. मी उकिडवा बसून बांगड्यांचे डोळे निरखत होतो. तोंडवलीची चंद्रभागा कित्येक वर्षं सकाळच्या एसटीने मासे घेऊन कट्ट्याला येते आणि भाव करताना दर खेपेला माझ्या मास्तरकीचा उद्धार करते. त्या दिवशी मात्र तिने भाव काढलाच नाही. मी दोन बांगडे उचलून पिशवीत टाकणार, तेवढ्यात म्हणाली, "मास्तरांनू, तुमका कोणी सांगूक नाय? तुमचो विश्राम गेलो. काल सांजचो." ...मी काय बोलावं? "असं? कशाने?" असं विचारलं मी. अगदी शुद्ध मराठीत, शाळेच्या ऑफिसात एखाद्या पालकाची चौकशी करावी तसं. चंद्रभागेने माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझ्या हातातले बांगडे काढून घेऊन पाटीत परत ठेवले. "आज नको मासो तुमच्या घराक," ती म्हणाली. मित्राचं सुतक कुठल्याच शास्त्रात सांगितलेलं नाही. पण त्या बाईने ते मला लावलं आणि मी रिकामी पिशवी घेऊन घरी आलो.

त्याला आता सव्वा महिना होऊन गेला. 'तुमचो विश्राम' हे तिचे दोन शब्द अजून कानात आहेत. गेली दहा-बारा वर्षं आम्ही दोघं एकमेकांशी धडपणे बोललोही नव्हतो. लोकांना ते दिसत नव्हतं, किंवा दिसत असूनही त्यांनी आमची जोडी मोडली नव्हती. मोडली होती ती मी. ते कसं, हे वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहायला मी बसलोय. मृत माणसाविषयी चांगलं लिहिणं सोपं असतं. इथे मला माझ्याविषयी खरं लिहायचंय, म्हणून आठ-दहा कागद फाडून झाले.

विश्राम तोंडवलीचा. त्याचा बाप रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून दहा-वीस माणसांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर. विश्राम सातवीपर्यंत शिकला आणि विलायती मालवाहू बोटीवर नोकरीला लागला, आधी भांडी घासायला आणि मग साहेबलोकांच्या जेवणघरात वाढपी म्हणून. मी कट्ट्याचा. बापाचं किराणा दुकान. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. मी इंग्रजी घेऊन बी.ए. होऊन परतलो होतो आणि होऊ घातलेल्या हायस्कुलात मास्तरची जागा निघायची वाट बघत दुकानाच्या गल्ल्यावर बसत होतो. बी.ए. झालेला मुलगा गूळ जोखतोय हे लोकांना खटकू नये म्हणून मी गिऱ्हाइकांच्या देखत इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचो. एके दिवशी सुट्टीवर आलेला विश्राम चहापूड घ्यायला आला. पांढराशुभ्र शर्ट, पायांत बूट, केसांना भांग. माझं वाचन ऐकत तो बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "वाचतंस बरा रे. पण असा कोण बोलणा नाय."

मला राग आला. मी विचारलं, "मग कसा बोलतत?" तो म्हणाला, "खयचो ऐकतलंस? कप्तान, चीफ, का वायरलेसवालो?" आणि चहापुडीची पुडी हातात धरून त्याने 'माझा चहा कुठे आहे' हे एकच वाक्य इंग्रजीत चार वेळा म्हणून दाखवलं. आधी कप्तान... ओठ जेमतेम हलवून, आपल्याला चहा हवाय हे सांगण्याचीसुद्धा लाज वाटावी असा. मग स्कॉटलंडचा चीफ इंजिनियर. त्याचा एकेक 'र' खडीच्या रस्त्यावरून लोखंडी धावेचं चाक गेल्यासारखा. मग कप्तानाच्या हाताखालचा, वेल्सकडचा सेकंड मेट, वाक्याच्या शेवटी आवाज झोपाळ्यासारखा वर नेणारा. आणि लंडनच्या गोदीशेजारचा वायरलेसवाला, निम्मी अक्षरं खाऊन टाकणारा. दुकानातली गिऱ्हाइकं हसली, पण मला हसू आलं नाही. चार वर्षं कॉलेजात घासून मी जी भाषा शिकलो होतो ती एक नव्हतीच, चार होत्या, आणि चारही या सातवी पास माणसाला येत होत्या. त्या दिवशी मी दुकान बापावर सोडून त्याच्याबरोबर तोंडवलीला चालत गेलो. आमच्या मैत्रीची सुरुवात ही अशी, थोडी हेव्यातून झाली.

विश्राम नक्कल करताना कुणाला हसत नसे, हे इथे आवर्जून सांगायला हवं. पुढे जे घडलं त्यात नेमकं हेच लोक विसरले. तो त्या माणसाचा होऊन जायचा. कप्तान बोलू लागला की विश्रामचे खांदे मागे जात. चीफ बोलू लागला की तो काल्पनिक कप दोन्ही हातांनी धरायचा, कारण इंजिनखोलीतून वर आल्यावर त्या म्हाताऱ्याचे हात थरथरत असत. "माणूस पाठ केल्याशिवाय तेचा बोलणा येणा नाय," तो म्हणायचा. चीफ मुलीच्या पत्राची वाट कशी बघतो, वायरलेसवाला आईला घाबरतो कसा, हे सगळं त्याला माहीत होतं. टेबलाशी ट्रे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला एवढं कळतं हे त्या साहेबांच्या स्वप्नातही नसेल.

आता या प्रकाराला म्हणायचं काय, यावर आमचा पहिला वाद झाला आणि तो एक अख्खा आठवडा चालला. मी म्हटलं, 'उच्चारपद्धती'. विश्राम म्हणाला, "ह्या नाव घेयसर सायबाची चाय थंड होयत." मी 'ढब' सुचवलं. तो म्हणाला, ढब चालण्याची असते. 'लकब'? ती एका माणसाची. ही तर गावच्या गावाची गोष्ट. 'बोली' हा शब्द त्याने काढला, तो मी खोडला, कारण शब्द तर सगळे साहेब तेच वापरतात. शेवटी एका संध्याकाळी सुरूच्या झाडांखाली बसलो असताना तो एकदम म्हणाला, "आमची आवस काय म्हणता म्हायत आसा? मसुऱ्याची सून इली, तिचो हेल येगळो. हेल म्हण मरे! सायबाक काय सोन्याची जीभ आसा?" आणि हेल हा शब्द ठरला. आमच्या बायाबापड्या पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेला शब्द बी.ए. झालेल्या माणसाला सुचू नये याची मला तेव्हाही जरा लाज वाटली होती.

मग एकेका हेलाचं बारसं. मी पुस्तकी माणूस, मला 'स्कॉटलंडी', 'लंडनी' अशी नावं हवी होती. विश्रामला ती पसंत नव्हती. "तू गेलेलंस खंय थंय? नाव ऐकल्यार कानात आवाज येवक व्हयो," हे त्याचं म्हणणं. आपल्याकडे दर खाडीला बोलणं बदलतं, माणूस तोंड उघडताच गाव कळतो, तर मग साहेबांच्या हेलांना आपल्याच गावांची नावं का नकोत? झालं, कप्तानाचा हेल मालवणचा ठरला, कारण तालुक्याच्या कचेरीतले लोक असंच तोंड न उघडता बोलतात. सेकंड मेटचा मसुऱ्याचा. तिथली माणसं वाक्य वर टांगून ठेवतात असं तोंडवलीकरांचं पूर्वापार मत. वायरलेसवाल्याचा नुसता 'बंदरावरचा'. आणि चीफचा, तो 'र' दळणारा हेल, विश्रामने बेधडक कट्ट्याला देऊन टाकला! मी दोन दिवस भांडलो. तो म्हणाला, कट्ट्याच्या बाजारात बैलगाड्या येतात, तो आवाज तुमच्या जिभेत शिरलाय. मी म्हटलं, मग तोंडवलीचा कुठला हेल? तो समुद्राकडे बघत म्हणाला, "तोंडवली रवांदे. तो हेल आजून खयच्या सायबाक गावाक नाय."

हे सगळं आम्ही एका वहीत लिहीत होतो. बोटीवर जेवणघरातल्या सामानाची यादी वाढपी पेन्सिलीने करतो आणि वरच्याला ती पटली की तो शाईने गिरवतो, अशी रीत होती म्हणे. विश्रामने तीच आमच्या वहीला लावली. ज्याला नाव सुचेल त्याने ते पेन्सिलीने लिहायचं; दुसऱ्याला पटलं तर त्याने शाईने गिरवायचं. दुसऱ्याची शाई पडल्याशिवाय नाव कायम नाही. 'कट्टा' हे नाव मी तिसऱ्या दिवशी, तोंड वाकडं करून, पण शाईने गिरवलं होतं. एकदा मी सहज विचारलं, "आणि माझो हेल खयचो रे?" विश्रामने माझ्याकडे मान तिरकी करून बघितलं. "तुझो आजून पिकाक नाय," तो म्हणाला. "पिकलो काय लिवतंय."

दोन-तीन वर्षं अशी गेली. तो बोटीवर जायचा, परत यायचा, येताना दोन-चार नवे साहेब तोंडात घेऊन यायचा. हायस्कूल झालं, पण माझी नेमणूक वर्षभर लोंबकळत होती. त्याच सुमारास विश्रामच्या चीफने त्याला एक चिठ्ठी दिली. कंपनीच्या मोठ्या बोटीवर बटलरची जागा निघाली होती, म्हणजे वाढप्यांचा मुकादम. कायमची नोकरी, स्वतःची केबिन. निवड मुंबईच्या कचेरीत एक बडा साहेब करणार होता आणि तो साहेब चीफच्याच गावाकडचा आहे, असं चीफने सांगितलं होतं. विश्रामचं नुकतंच लग्न ठरलं होतं. त्याच्या बापाची छाती रापण ओढून ओढून कामातून गेली होती. त्या नोकरीवर त्या घराचं सगळं पुढचं आयुष्य उभं राहायचं होतं, आणि हे मला माहीत होतं.

तो सल्ला विचारायला दुकानात आला. "वसंता, सायबाम्होरे बोलूचा कसा?" आणि मला एक अक्कल सुचली. आमच्या काकांचा एक कागद मुंबईच्या सरकारी कचेरीत सहा महिने अडकला होता. काका स्वतः गेले, तिथला कारकून मालवणजवळच्या देवबागचा निघाला, मालवणीत चार शब्द झाले आणि कागद त्याच दिवशी सुटला. ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक घरात वेगवेगळ्या काकांच्या नावाने सांगितली जाते. परमुलखात आपल्या गावचा हेल कानावर पडला की माणूस विरघळतो, हे आम्हाला सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं ठाऊक. मी म्हटलं, "सोपा आसा. सायब चीफच्या गावचो ना? मग तेच्याशी कट्ट्याच्या हेलात बोल. मुंबयत बसून बिचाऱ्याक किती वर्सां तो ऐकूक गावाक नसात. इरघाळतलो बघ."

विश्रामला ते पटलं नाही. हे मला स्पष्ट लिहायलाच हवं. तो म्हणाला, "नको रे. तां आपल्या दोघांपुरता बरा. सायबाच्या तोंडार सायबाचोच हेल... माका बरा दिसणा नाय." त्याला आपलं साधं, तुटक, 'येस सर'वालं इंग्रजी बोलायचं होतं, जे तो रोज बोटीवर बोलत होता आणि ज्यावर एकाही साहेबाने कधी तक्रार केली नव्हती. मी हट्टाला पेटलो. आता विचार करतो तेव्हा वाटतं, मला त्याचं भलं करायचं होतं हे खरं, पण त्याहून जास्त मला बरोबर ठरायचं होतं. एवढ्या दिवसांत प्रत्येक वादात तोच जिंकत आला होता. मी म्हटलं, "बी.ए. मी झालंय काय तू?" विश्रामने गल्ल्यावरचा एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "बरा," तो म्हणाला. "लिवन दी."

मी पानभर भाषण लिहून दिलं. तीन दिवस तो ते चीफच्या हेलात घोकत होता आणि मी डोळे मिटून ऐकत होतो. काय बोलायचा! खुद्द चीफ ओसरीवर येऊन बसलाय असं वाटावं. चौथ्या दिवशी मालवणच्या बंदरावरून तो आगबोटीने मुंबईला गेला. मी पोचवायला गेलो होतो. आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात उतरताना वळून त्याने कट्ट्याचा हेल काढून मला गुड बाय म्हटलं, त्यातला नसलेला 'र'सुद्धा घालून. आम्ही दोघंही पोट धरून हसलो. विश्रामला तसं हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

पंधरवड्याच्या आत तो परत आला. बंदरावर मीच उभा होतो. हातातली वळकटी खाली न ठेवताच तो म्हणाला, "सायबाक तेचो गाव नको होतो, वसंता." मग बाकीचं चालता चालता सांगितलं. साहेबाने दोन वाक्यं ऐकली. शेजारचे दोन गोरे कारकून आधी चपापले, मग तोंड दाबून हसायला लागले. साहेब लालेलाल झाला. साहेब स्वतः कप्तानासारखा, मालवणच्या हेलात बोलत होता. आपला हेल त्याने कधीच धुऊन टाकला होता आणि कारकुनांसमोर एक काळा वाढपी तो त्याच्या तोंडावर आणून फेकत होता. "तेना इचारल्यान, ही मस्करी तुका कोणी शिकयली? मी म्हटलंय, कोणी नाय. माझा मी शिकलंय." ...माझं नाव त्याने घेतलं नाही. साहेबाने त्याच्या नोकरीच्या पुस्तकात वर्तणुकीपुढे उद्धट असा शेरा मारला. तो शेरा बघून पुढे कुठल्याच बोटीने त्याला घेतलं नाही. त्या एका शब्दाने तो कायमचा किनाऱ्याला लागला.

आणि मी काय केलं? कट्ट्याच्या बाजारात आठवडाभर हाच विषय होता. "विश्राम शाणपण करूक गेलो. सायबाची मस्करी केल्यान," असं जो तो म्हणत होता. आमच्या दुकानाच्या बाकड्यावर बसून म्हणत होता. मी गल्ल्यावर होतो. एक वाक्य पुरलं असतं... ते भाषण मी लिहून दिलं होतं, एवढंच. पण त्याच महिन्यात माझ्या नेमणुकीचा निकाल लागायचा होता. असला सल्ला देणाऱ्याला इंग्रजीचा मास्तर कोण नेमणार, असा हिशेब मी मनाशी केला आणि साखरेच्या पुड्या बांधत राहिलो. नेमणूक झाली. विश्राम त्या आठवड्यात रापणीच्या दोराला लागला. पेढे द्यायला मी तोंडवलीला गेलो तेव्हा त्याच्या तळहातांना फोड आले होते, पेढा त्याने तोंडानेच माझ्या हातातून घेतला आणि म्हणाला, "बरा झाला रे. आमच्यातलो एक तरी लागलो." मला रडू यायला हवं होतं, पण आलं ते हायसं वाटल्याचं हसू. त्या हसण्याची आजही शरम वाटते.

लोक त्याला नकला करून दाखव म्हणून गळ घालायचे. तो म्हणायचा, "इसारलंय." वही त्याच्याकडेच होती. मी मागितली नाही, त्याने काढली नाही. तरीसुद्धा आम्ही भेटत होतो, तो मला वसंता म्हणत होता, आणि वाटत होतं, एक ना एक दिवस मी बोलेन.

त्याचाही दरवाजा मीच लावला. सत्तर सालच्या सुमाराची गोष्ट. विश्रामची थोरली मुलगी शालन आठवीला आली आणि तिचं नाव घालायला तो आमच्या हायस्कुलात आला. धुतलेला सदरा, पायांत काही नाही, अंगाला मिठाचा आणि जाळ्याचा वास. ऑफिसात हेडमास्तर होते, शिक्षणखात्याचे एक पाहुणे होते आणि त्यांच्याशी मी घोळून घोळून पुणेरी मराठीत बोलत होतो. विश्राम दारात आला, मला बघून त्याचा चेहरा उजळला आणि तो सरळ म्हणाला, "वसंता, आसस मरे? बरा झाला गावलंस तो!" पाहुण्यांनी भुवया उंचावल्या, निदान मला तसं वाटलं. मी म्हटलं, "आपण बाहेर बसा. शिपाई बोलावील."

बस्स, एवढंच. तो बाहेर बाकावर जाऊन बसला. शिपायाने बोलावल्यावर आत आला, फॉर्मवर सही केली आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "येतंय मास्तरांनू. पोरीकडे लक्ष ठेवा." त्या दिवसापासून मी त्याच्यासाठी मास्तरांनू झालो तो शेवटपर्यंत. आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. तेच जास्त लागलं. त्या संध्याकाळी घरी जाताना मला मुंबईचा तो बडा साहेब आठवला आणि पहिल्यांदा त्याचं मन कळलं. माझ्या गावच्या हेलात मला हाक मारणाऱ्या माणसाला मीसुद्धा बाहेरच बसवलं होतं. फरक इतकाच की साहेब विश्रामला ओळखत नव्हता.

शेवटची भेट मसुऱ्याला, आंगणेवाडीच्या जत्रेत झाली, जाण्याआधी तीनएक महिने. खूप खंगला होता. खोकल्याची उबळ आली की खांबाला धरून उभा राहायचा. त्याने खाज्याचा पुडा विकत घेतला, अर्धा खाजा माझ्या हातावर ठेवला. भोवती एवढी गर्दी, पण आम्ही दोघंच उभे होतो. मी मनाशी म्हटलं, आता बोल. आताच बोल. शब्द ओठांशी आले होते... मी म्हटलं, "प्रकृतीची हेळसांड करू नका." तो म्हणाला, "होय मास्तरांनू," आणि गर्दीबरोबर पुढे गेला. हातावरच्या खाज्यावर माश्या बसेपर्यंत मी तिथेच उभा होतो.

बातमी कळल्यानंतर मी तोंडवलीला जायला पाच दिवस लावले. सुलोचनावहिनी, विश्रामची बायको, ओसरीवर बसली होती. शालनने पाट दिला. ती आता स्वतः मास्तरीण व्हायला शिकतेय. मी जुळवून आणलेली वाक्यं बोललो, शुद्ध, व्याकरणशुद्ध. वहिनींनी ऐकून घेतली आणि आत जाऊन मेणकापडात गुंडाळलेली वही आणली. "तुमका देवक सांगल्यानी," त्या म्हणाल्या. मी विचारलं, आजारपणात तो कधी साहेबांसारखं बोलायचा का? "सायबांचा बोलणा सोडल्यानी ते सोडल्यानीच," वहिनी म्हणाल्या. "एक तुमचा तेवढा ऱ्हवला. जाळा विणताना तुमच्यासारखा बोलायचे. 'सिट डाऊन, सिट डाऊन, डोन्ट बी शाय.' शालन शाळेतसून इली काय तिका इचारायचे, आज मास्तर काय बोललो? आणि मगे तसाच्या तसा." शालन पदराआड हसली आणि रडली. म्हणाली, "सर, बाबा म्हणायचे, सगळ्यांत कठीण हेल तुमचा. पाठ व्हायला वीस वर्षं लागली."

मी तिथे वही उघडली नाही. वाटेत उघडली, सुरूच्या झाडांखाली, जिथे हेल हा शब्द ठरला होता तिथेच. पहिली पानं जशीच्या तशी होती. मालवण, मसुरे, बंदर, कट्टा, सगळी शाईने गिरवलेली, काही माझी, काही त्याची. मग कितीतरी कोरी पानं. आणि शेवटच्या पानावर, दुखणेकऱ्याच्या थरथरत्या अक्षरात, पेन्सिलीने एकच ओळ होती. डावीकडे लिहिलं होतं, 'वसंत'. मास्तर नाही, वसंत. आणि उजवीकडे, गावाच्या रकान्यात, 'तोंडवली'.

मी कट्ट्याचा. जन्माने कट्ट्याचा, आणि आपला हेल लपवणाऱ्या त्या साहेबाच्या जातकुळीचाही. माझ्या नावापुढे दुसऱ्यांदा कट्टा लिहिलं असतं तर ते न्यायाचं झालं असतं, मी निमूट मान्य केलं असतं. पण कुठल्याच साहेबाला दिलं नाही ते स्वतःचं गाव त्याने माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. ज्याच्या बोलण्यात आपला गाव ऐकू येतो तो आपला, एवढा आमच्याकडचा साधा नियम. साहेबाने तो मोडला, मी मोडला, विश्रामने पाळला.

म्हणून आज इथे, छापील अक्षरांत, पंचवीस वर्षं उशिरा लिहितो. विश्रामने साहेबाची मस्करी केली नव्हती. ते बोलणं मी लिहून दिलं होतं, त्या हेलात बोलायला मी सांगितलं होतं, आणि तो नको म्हणत होता. कट्ट्याच्या बाजारात ज्यांनी ज्यांनी त्याला उद्धट म्हटलं, त्यांनी तो शब्द आता माझ्या नावावर करावा. ही पुरवणी मी तोंडवलीला घेऊन जाणार आहे आणि सुलोचनावहिनींना वाचून दाखवणार आहे. शुद्ध मराठीत नाही. आपल्या बोलण्यात.

वही समोर टेबलावर आहे. शेवटचं पान हात लागून लागून पुसट व्हायला लागलंय, तरी 'तोंडवली' अजून वाचता येतं. आज दुपारी पेनात शाई भरून बसलो. विश्रामने सुचवलेलं नाव पेन्सिलीत आहेच, आता फक्त मी गिरवायचं. पेन दोनदा कागदापर्यंत नेलं... आणि टोपण लावून ठेवलं. आधी वहिनींच्या ओसरीवर जाऊन येतो, रे विश्रामा. मगे बघूया.